"मी इथंच बसते, तुम्ही या जाऊन"

एप्रिल उजाडला की माझ्या ओपीडीत एक ठरावीक गर्दी सुरू होते. "डॉक्टर, मुलाकडे चाललोय अमेरिकेला. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या आणि सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी द्या." मेतकूट किती, लाडू किती, बॅगेचं वजन किती, हे सगळं ग्रॅमपर्यंत ठरलेलं असतं. पण तिथं गेल्यावर मुलं आपल्याला दर शनिवारी-रविवारी डोंगर, धबधबे आणि पायऱ्या दाखवायला नेणार आहेत, त्याची तयारी काय, हे विचारणारा पेशंट वर्षाकाठी एखादाच भेटतो.

तुम्ही अशा प्रवासाला निघाला असाल किंवा तुमचे आईवडील तुमच्याकडे येणार असतील, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. लेख एका वाक्याबद्दल आहे. सहलीच्या ठिकाणी गाडीतून उतरल्यावर, चढ दिसला की घरातलं वयस्कर माणूस म्हणतं, "मी इथंच बसते, तुम्ही या जाऊन." आपल्याला वाटतं, बरं झालं, आईला आराम मिळेल. मी डॉक्टर म्हणून सांगतो, हे वाक्य म्हणजे बऱ्याचदा एक लक्षण असतं. ताप किंवा खोकल्यासारखंच. फक्त ते लक्षण म्हणून कोणी सांगत नाही आणि कोणी ऐकतही नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी बायको बोस्टनजवळ राहणाऱ्या भाचीकडे गेलो होतो. तिच्या सासूबाई त्याच वेळी सांगलीहून आलेल्या होत्या. वय सत्तरच्या आसपास. सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही म्हणतो. एका शनिवारी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत एका दिवसाची सहल ठरली. सकाळी साडेसहाला निघायचं, दोन स्टेट पार्क बघायचे आणि रात्री जेवायला परत. स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारनं सांभाळलेलं निसर्गाचं ठिकाण. पायवाटा आखलेल्या, नकाशे लावलेले, पार्किंग आणि (सर्वांत महत्त्वाचं) स्वच्छ संडास.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथली मेपलची झाडं लाल, केशरी, पिवळी होतात. फोटो तुम्ही पाहिले असतीलच. खरं सांगायचं तर फोटोत तो रंग खोटा वाटतो आणि समोर आणखीच खोटा वाटतो, इतका भडक असतो. आमच्याकडे पळस फुलतो तेव्हा एखादं झाड पेटल्यासारखं दिसतं. इथं अख्खा डोंगर तसा.

गाडीतला प्रवास सव्वादोन-अडीच तासांचा. न्यू हॅम्पशायरची हद्द लागली तेव्हा भाचीच्या नवऱ्यानं सांगितलं की मोठ्या माणसांना सीटबेल्टची सक्ती नसलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य आहे. काकूंनी लगेच पट्टा सैल करायला हात घातला. मी तो परत लावायला लावला. कायदा राज्याचा असतो, बरगड्या आपल्याच असतात.

वाटेत रेस्ट एरियाला थांबलो. सगळ्यांनी कॉफी घेतली. काकूंनी घेतली नाही, पाणीही घेतलं नाही. इथं माझे कान पहिल्यांदा टवकारले. प्रवासाच्या दिवशी पाणी न पिणं ही आपल्याकडच्या बायकांची जुनी सवय. एसटीच्या प्रवासात ती लागते आणि ज्या देशात दर थोड्या अंतरावर स्वच्छतागृह आहे तिथंही सुटत नाही. कित्येक जणी तर ब्लडप्रेशरची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी त्या दिवशी परस्पर गाळतात. असं करू नका. गोळीची वेळ पुढेमागे करता येते का ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. पाणी कमी, बसणं जास्त आणि पाय लोंबकळते, हे तीन एकत्र आले की पिंढरीच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. चार तासांच्या पुढच्या प्रवासात तो मोजण्यासारखा असतो. गाडीत बसल्या बसल्या टाचा उचला, पंजे वरखाली करा, आणि दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावलं चाला.

पहिलं ठिकाण होतं फ्रॅंकोनिया नॉच स्टेट पार्क. नॉच म्हणजे दोन डोंगरांमधली खिंड. तिथं फ्लूम गॉर्ज नावाची एक अरुंद घळ आहे. सुमारे ८०० फूट लांब, दोन्ही बाजूंना ७० ते ९० फूट उंच ग्रॅनाइटच्या सरळ भिंती आणि त्यांच्यामधलं अंतर जेमतेम १२ ते २० फूट. तळातून ओढा धावतो आणि भिंतीला लागून लाकडी पायवाट वर चढत जाते. पूर्ण फेरी साधारण दोन मैलांची, म्हणजे तीन-सव्वातीन किलोमीटर. चढ आहे, पायऱ्या पुष्कळ आहेत आणि पाण्याच्या तुषारांनी फळ्या ओल्या असतात. ही घळ १८०८ मध्ये जेस गर्न्सी नावाच्या बाईंना मासे पकडायला फिरताना सापडली, असं तिथं सांगतात. तेव्हा त्यांचं वय होतं ९३! माझ्या ओपीडीतल्या त्र्याहत्तर वर्षांच्या आजोबांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो, कारण "आता या वयात काय" हे कारण मला फारसं पटत नाही. वयामुळे चालणं हळू होतं. ठरावीक अंतरावर थांबावंच लागतं, ते नुसत्या वयामुळे नाही, त्याला दुसरं काही कारण असतं.

तर, व्हिजिटर सेंटरपाशी पायऱ्यांचा नकाशा बघून काकू म्हणाल्या, "मी इथंच बसते, तुम्ही या जाऊन." बाळ पाठीवरच्या झोळीत होतं, त्यामुळे त्याची रिकामी बाबागाडीही त्यांच्यापाशी ठेवायची ठरली. मुलगा म्हणाला, "आई, जमेल गं, हळूहळू जाऊ." त्या म्हणाल्या, "जमेल रे, पण कंटाळा आलाय." मी बायकोला पुढे जायला सांगितलं आणि काकूंच्या बाकावर बसलो.

"डॉक्टर, तुम्ही जा ना. माझ्यापायी कशाला थांबताय?"

"मलाही कंटाळा आलाय," मी म्हटलं.

इथं मला दुसऱ्या एका पेशंटबद्दल सांगायला हवं. त्यांची ओळख पटणार नाही अशा बेतानं तपशील बदलून सांगतो. निवृत्त शिक्षक, मधुमेह जुना. अमेरिकेहून परत आल्यावर सून कौतुकानं मला मोबाइलवर फोटो दाखवत होती. एक धबधबा, एक दरी, एक तळं, पुन्हा एक धबधबा. आठव्या-दहाव्या फोटोला माझ्या लक्षात आलं की प्रत्येक फोटोत सर बसलेले आहेत. बाकावर, दगडावर, कठड्यावर. घरच्यांनी बाक बघून फोटो काढले नव्हते. सर जिथं बसले होते, तिथं सगळे जाऊन उभे राहिले होते. मी सरांना विचारलं, "चढावर काय होत होतं?" ते सुनेकडे बघत म्हणाले, "काही नाही, गॅसेस. गळ्यापाशी आवळल्यासारखं व्हायचं, दोन मिनिटं टेकलं की जायचं." दोन महिने ते हे सोसत होते. अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि बायपास करावी लागली. आज ते उत्तम आहेत. पण तिकडे का नाही सांगितलं, यावर त्यांचं उत्तर ऐका : "तिकडचं हॉस्पिटल म्हणजे मुलाचं घर विकायला काढणं."

हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तर बसलेल्या माणसाला पुरेसं रक्त मिळतं. चढावर हृदयाला जास्त काम पडतं, तेवढा पुरवठा होत नाही आणि छाती भरून येते. थांबलं की मागणी घटते आणि त्रास जातो. यालाच अँजायना म्हणतात. थंड हवेत तो लवकर येतो, भरपेट जेवणानंतर आणखी लवकर. म्हणजे थंडीत, पोटभर पराठे खाऊन डोंगर चढणं ही अँजायनाला आमंत्रणपत्रिकाच. मधुमेही लोकांत आणि बायकांत छातीत दुखेलच असं नाही. दम लागतो, जबडा किंवा खांदा दुखतो, घाम येतो, नुसता गळाठा येतो. "गॅसेस" हा शब्द मी चालताना आलेल्या आणि थांबल्यावर गेलेल्या त्रासासाठी कधीच मान्य करत नाही. गॅसला चढ आणि सपाटी यातला फरक कळत नाही.

बाकावर मी काकूंना जे प्रश्न विचारले, तेच तुम्ही आपल्या माणसाला विचारावेत म्हणून लिहितो. "चालायला जमेल ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. विचारा : किती चाललं की थांबावंसं वाटतं? थांबावंसं वाटतं ते छातीमुळे, दमामुळे की पायांमुळे? थांबल्यावर किती वेळात बरं वाटतं? आणि नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावंच लागतं? आणि हे चारचौघांत, मुलासमोर, सुनेसमोर विचारू नका.

काकूंना दम लागत नव्हता, छातीत काही होत नव्हतं. दोनेकशे पावलं चाललं की कंबरेपासून दोन्ही पाय जड व्हायचे, मुंग्या यायच्या. उभं राहून काही उपयोग नाही, बसलं की पाच मिनिटांत मोकळं. मी तिथंच त्यांना बूट काढायला लावून पावलावरची नाडी बघितली. (शेजारच्या बाकावरच्या गोऱ्या आजीबाई जरा चमकल्या.) दोन्ही पायांची नाडी छान लागत होती. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर पिंढरीत ठरावीक अंतरावर पेटके येतात आणि नुसतं उभं राहिलं तरी ते जातात. तंबाखू, मिश्री किंवा सिगारेटची सवय आणि मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं. ते काकूंच्या बाबतीत वाटत नव्हतं.

मग त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. "पण गंमत बघा, त्या मोठ्या दुकानात मी सुनेबरोबर तासभर फिरते. तिथं काही होत नाही. म्हणून तर मुलाला वाटतं, आई नाटक करते."

"तिथं तुम्ही ती सामानाची ढकलगाडी ढकलता का?"

"हो, मीच ढकलते."

वैद्यकशास्त्रात या खुणेला नावच आहे, शॉपिंग कार्ट साइन. वयानुसार कंबरेच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की थोडी उघडते. ढकलगाडीवर हात टेकून माणूस नकळत पुढे वाकतो, नसांना जागा मिळते आणि चालणं जमतं. लंबर कॅनॉल स्टेनोसिस असं याचं नाव. लोक त्याला "नस दबली" म्हणतात. काकूंचा मुलगा समजत होता तसं नाटक वगैरे काही नव्हतं. पक्कं निदान तपासणी आणि एमआरआयनंतरच होतं, बाकावर होत नाही. पण आजचा दिवस त्या बाकावर काढायचा की नाही, एवढं ठरवायला तेवढं पुरेसं होतं.

मंडळी दीड तासानं भिजून, खुशीत परतली. पुढचा थांबा होता त्याच पार्कमधलं बेसिन. पाण्यानं हजारो वर्षं घोटून केलेला ग्रॅनाइटचा प्रचंड रांजण, सुमारे २० फूट व्यासाचा. आमच्या निघोजच्या कुकडी नदीतले रांजणखळगे आठवा, त्यांचा थोरला भाऊ. तिथपर्यंतची वाट सपाट आणि पक्की आहे. मी बाळाची बाबागाडी काकूंच्या हातात दिली. त्यात बाळ नव्हतं, जेवणाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, वजन बसावं म्हणून. हॅंडल धरून, जराशा पुढे वाकून काकू निघाल्या आणि मध्ये एकदाही न बसता बेसिनपर्यंत गेल्या. तिथं कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या होत्या. मुलगा माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, आता जरा पाणी द्या. संडास कुठंय ते मघाशी बघून ठेवलंय."

(बाबागाडी ही तात्पुरती सोय. उतारावर ती पळते, ब्रेक बोटाशी नसतो. नेहमीसाठी चार चाकांचा, हाताशी ब्रेक असलेला वॉकर घ्यावा.)

जेवायला अडीच वाजले. इथं एक सूचना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना. सकाळी गोळी नेहमीची, चालणं तिप्पट आणि जेवण दोन तास उशिरा, या हिशेबात साखर खाली येते. घाम, थरथर, चिडचिड सुरू झाली तर आधी साखर किंवा ज्यूस, मग चर्चा. खिशात गोड असू द्या, डिकीत नव्हे. घाटात मळमळ होते म्हणून प्रोमेथाझिनची गोळी घेणाऱ्या आजोबांनाही सांगतो, प्रोस्टेटचा त्रास असेल तर तिनं लघवी अडकू शकते. पुढच्या सीटवर बसा, नजर दूर ठेवा, मोबाइल बंद. आणि वाटेवरून गवतात शिरू नका. न्यू हॅम्पशायरच्या रानात लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडी आहेत, ऑक्टोबरातही. रात्री आंघोळीला काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं जरूर सांगा.

उंचीची भीती मात्र इथं नको. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. या भागातलं सर्वांत उंच शिखर माउंट वॉशिंग्टन १,९१७ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटरनं उंच, एवढंच. मुलगा कोलोराडोत असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला रस्ताच ३,७०० मीटरवर जातो. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या पेशंटनी तिथं विचारल्याशिवाय जाऊ नये.

दुपारनंतर क्रॉफर्ड नॉच स्टेट पार्कला गेलो. ही खिंड जास्त रुंद, जास्त गंभीर. इथं विली नावाच्या कुटुंबाची जागा आहे. २८ ऑगस्ट १८२६ च्या रात्री पावसानं दरड कोसळली. आवाज ऐकून आईवडील, पाच मुलं आणि दोन कामकरी घराबाहेर धावले आणि सगळे गेले. घरामागच्या खडकानं दरड दुभंगली आणि घर जसंच्या तसं उभं राहिलं. आपल्याला माळीण आठवते, इर्शाळवाडी आठवते. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. खिंडीत मोबाइलची रेंज येते-जाते. म्हणून निघण्यापूर्वीच जवळचं हॉस्पिटल कोणत्या गावात आहे ते लिहून ठेवा आणि नकाशा डाउनलोड करा.

परतीच्या वाटेवर काकूंच्या मुलानं मला विचारलं, "समजा आईला छातीत दुखलं असतं तर? तिच्या इन्शुरन्समध्ये जुने आजार नाहीत." हा प्रश्न तुमच्याही मनात असेल. भेटीला आलेल्या आईवडिलांच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये जुन्या आजाराचे उपचार येत नाहीत, काहींत मात्र जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका ठरावीक रकमेपर्यंत येतो. ते कलम विमान पकडण्यापूर्वी वाचा. दुसरं म्हणजे अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे. इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाला, पैसे असोत-नसोत, तपासून स्थिर करावंच लागतं. बिल नंतर येतं, मोठं येतं, पण त्यावर हॉस्पिटलशी बोलता येतं, हप्ते आणि सवलत मागता येते. छातीतलं दुखणं बसल्यावरही गेलं नाही, बसलेलं असतानाच सुरू झालं, किंवा गेल्या काही दिवसांत कमी श्रमात यायला लागलं, तर त्या क्षणी बिलाचा विचार करू नका. ९११ फिरवा, स्वतः गाडी चालवत निघू नका. आणि आईवडिलांना हे आल्याच्या पहिल्या आठवड्यात, घरी चहा पिताना सांगून ठेवा : "दुखलं तर सांगायचं. पैशाचं मी बघेन." तुम्ही हे तोंडानं बोलल्याशिवाय ते सांगणार नाहीत.

काकू डिसेंबरमध्ये परतल्या. सांगलीत एमआरआय झाला, नसांची वाट अरुंदच निघाली. ऑपरेशन लागलेलं नाही. पुढे वाकण्याचे व्यायाम, थोडं वजन कमी आणि चाकांचा वॉकर, यावर त्या रोज संध्याकाळी फिरतात. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पाऊल लुळं पडायला लागलं तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, हे मी त्यांच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. यंदा परत निघाल्यात. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर दात्यांच्या रुळावरची रेल्वे जाते, १८६९ पासून चालू आहे, असं नातसुनेच्या भावानं सांगितलंय. "वर वॉकर चालेल का हो?" मी म्हटलं, वॉकरचं रेल्वेवाल्यांना आधी विचारून घ्या, पण स्वेटर, कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट, तिन्ही न्या. त्या माथ्यावर १२ एप्रिल १९३४ ला वाऱ्याचा वेग ताशी ३७२ किलोमीटर मोजला गेलाय.

"मग चाकांना ब्रेक लावूनच उतरते," काकू म्हणाल्या.